बत्तिसाव्या किलोमीटरनंतरचा हिशोब

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी सकाळी नवाच्या सुमारास पेडर रोडच्या चढावर उभं राहून पाहावं. पूर्ण मॅरेथॉन धावणारी हौशी मंडळी परतीच्या वाटेवर तिथे पोचतात, तेव्हा त्यांचे पस्तीस किलोमीटर संपलेले असतात. कोणी कठड्याला धरून पोटरी ताणत असतो, कोणी दुभाजकावर बसून मांडीवर स्प्रे मारून घेत असतो. कोणी मान खाली घालून नुसताच चालत असतो आणि शेजारच्या इमारतीतून खाली आलेल्या एखाद्या आजी त्याच्या हातावर मीठ लावलेली संत्र्याची फोड ठेवत असतात. ‘आता एक पाऊलही टाकवत नाही हो,’ असं तो त्यांना सांगतो आणि त्यात अजिबात नाटक नसतं.

तासाभराने तोच माणूस सीएसएमटीजवळच्या शेवटच्या टप्प्यात पाहावा. समोरच्या मोठ्या घड्याळात ४ तास ५८ मिनिटं झालेली दिसतात, आणि मघाशी पाऊल न टाकवणारा हा गृहस्थ चक्क सुसाट पळत सुटतो. मधल्या वेळात त्याने अर्धं केळं आणि दोन घोट इलेक्ट्रल सोडून काहीही घेतलेलं नसतं. मग अंगातली शक्ती संपली होती, तर ही कुठून आली?

लांब पल्ल्याच्या खेळांनी आयुष्यात काय शिकवलं, यावर हल्ली पुष्कळ भाषणं होतात. कंपन्यांच्या संमेलनांत मॅरेथॉन धावलेल्यांना मुद्दाम बोलावतात, आणि बहुतेकांचं सार एकच निघतं: जिद्द सोडू नका. जिद्द लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण वरच्या प्रश्नाचा पाठलाग केला, तर जिद्दीच्या खात्यावर जमा होणारं बरंचसं श्रेय खरं म्हणजे अंदाजाचं आहे, असं दिसायला लागतं.

साठा किती, खर्च किती

आधी शरीराची बाजू पाहू. भात, पोळी, बटाटा, साखर यांतून मिळणारी ग्लुकोज लगेच लागली नाही, तर शरीर तिच्या साखळ्या जोडून ती साठवून ठेवतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. थोडं ग्लायकोजेन यकृतात राहतं आणि बरंचसं स्नायूंत. दुसरा साठा चरबीचा. तो अफाट असतो, अगदी सडपातळ माणसाचाही कित्येक मॅरेथॉनना पुरेल एवढा. अडचण अशी की चरबीतून ऊर्जा सावकाश मोकळी होते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी ऑक्सिजन जास्त लागतो. रमतगमत चालताना चरबीवर भागतं. वेग वाढला की शरीर अधिकाधिक ग्लायकोजेन वापरायला लागतं.

चौकट: ६५ किलो वजनाच्या धावपटूचा जमाखर्च
*साठा:* यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन. ग्रॅममागे ४ कॅलरी धरल्या तर सुमारे २,००० कॅलरी.
*खर्च:* वजनाच्या दर किलोमागे आणि अंतराच्या दर किलोमीटरमागे साधारण १ कॅलरी. ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,७४० कॅलरी.
*तूट:* ७०० कॅलरींहून अधिक. ती चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्या खजूर, चिक्की, एनर्जी जेल यांतून भरून काढायची.

सगळा खर्च ग्लायकोजेनमधूनच केला, तर या धावपटूचा साठा एकतिसाव्या किलोमीटरला संपेल. प्रत्यक्षात थोडा भार चरबी उचलते. पण उलट बाजूने एक गोची आहे. स्नायू आपलं ग्लायकोजेन रक्तात सोडू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नसतं. त्यामुळे दंडात शिल्लक राहिलेला साठा पायांना उसना मिळत नाही. या सगळ्या वजाबाकीनंतर पुष्कळांची गाडी तिशीच्या पुढे, साधारण बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अडते. धावणारे याला ‘वॉल’ म्हणतात. यकृतातला साठाही आटत आलेला असतो, म्हणजे रक्तातली साखर उतरायला लागते आणि मेंदूची उपासमार सुरू होते. सहा किलोमीटर राहिलेत आणि बावन्न मिनिटं हातात आहेत, तर किलोमीटरला किती मिनिटं मिळतील, हा चौथीतला भागाकार छत्तिसाव्या किलोमीटरला भल्याभल्या इंजिनिअरांना जमत नाही.

वाटेत खाऊन सगळी तूट भरून काढू म्हटलं तर तेही होत नाही. नुसती ग्लुकोज असेल, तर आतडी तासाला साधारण ६० ग्रॅमच आत घेऊ शकतात. त्याहून जास्त कोंबली की पोट बंड करतं.

इथवर हिशोब चोख आहे. पण तो शेवटच्या धावेचं कोडं सोडवत नाही, उलट आणखी अवघड करतो.

पाय खरंच संपलेले असतात का?

स्नायूंच्या कामाबद्दल नोबेल मिळवलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२०च्या दशकात धावपटूंवर प्रयोग केले. त्यांच्यानंतर कितीतरी दशकं थकव्याचं चित्र सरळ होतं: ऑक्सिजन कमी पडतो, स्नायूंत नको ती द्रव्यं साचतात आणि स्नायू काम थांबवतात. थकवा म्हणजे पायांत घडणारी घटना.

पण २०१० साली संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रग्बी खेळणाऱ्या दहा दणकट तरुणांना प्रयोगशाळेतल्या सायकलवर बसवलं. पॅडलवर एक ठरावीक, बऱ्यापैकी जड जोर कायम ठेवायचा आणि अगदी अशक्य होईपर्यंत थांबायचं नाही. एकेक जण ‘आता नाही’ म्हणून थांबला. थांबता क्षणीच त्यांना सांगितलं, फक्त पाच सेकंद, जीव तोडून पॅडल मारा. जो जोर क्षणापूर्वी पेलवत नव्हता, त्याच्या जवळपास तिप्पट जोर त्याच पायांनी दिला.

म्हणजे पाय थकले होते, पण संपले नव्हते. पाच सेकंदांचा शेवट डोळ्यांसमोर दिसल्याबरोबर त्यांच्यातून आणखी काही बाहेर आलं.

यावर सगळ्यांत गाजलेलं उत्तर दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स यांचं. ते स्वतः कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत अनेकदा धावलेले. त्यांचं म्हणणं असं: शरीराचं तापमान, उरलेला साठा, उरलेलं अंतर, आधीचा अनुभव यांवर मेंदूची सतत नजर असते. खरोखरच काही बिघडण्याच्या बरंच आधी तो स्नायूंना कमी काम देतो आणि आपल्याला थकव्याची भावना देतो. आपल्या घराघरांतल्या आयांची व्यवस्था आठवावी. महिन्याच्या वीस तारखेला पाकीट रिकामं होतं, पैसे मागितले तर ‘नाहीत’ असं ठाम उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं, कारण त्या पैशांत अजून दहा दिवस काढायचे असतात. पण तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी चार नोटा असतात. एकतीस तारखेला पगार जमा झाल्याचा मेसेज आला, की त्याच संध्याकाळी श्रीखंडाला पैसे निघतात. समोरचं घड्याळ आणि शेवटची कमान दिसणं म्हणजे हा पगाराचा मेसेज. आता राखून ठेवायचं कारण उरत नाही, म्हणून डबा उघडतो.

नोक्स यांचा सिद्धांत सगळ्यांना मान्य नाही. खुद्द मार्कोराच म्हणतात की डोक्यात असा गुपचूप हिशोब ठेवणारा वेगळा कोणी नको. माणूस जाणीवपूर्वकच ‘किती कष्ट वाटताहेत’ आणि ‘मला हे किती हवंय’ यांची तुलना करतो, आणि पहिलं दुसऱ्यापेक्षा जड झालं की थांबतो. वाद अजून चालू आहे. मात्र थकवा नुसता टाकी संपल्याचा काटा नसून त्यात पुढचा अंदाज मिसळलेला असतो, इथवर दोन्ही बाजू येऊन पोचतात.

तोंडात साखर, पोटात काही नाही

अंदाजाची ही गोष्ट खरी असेल, तर नुसत्या बातमीनेही फरक पडायला हवा. २००४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी नऊ सायकलपटूंना साधारण तासाभराची जोरकस सायकल चालवायला दिली. मधूनमधून त्यांना पिष्टमय पदार्थाचं पाणी तोंडात घोळवून थुंकायला सांगितलं. पोटात काहीच गेलं नाही, तरी साध्या पाण्याने चूळ भरली तेव्हापेक्षा वेळ जवळपास तीन टक्क्यांनी सुधारला. त्याच गटाने ग्लुकोज थेट शिरेतूनही देऊन पाहिली. त्यात ती खरोखर रक्तात पोचली होती, पण वेळ सुधारला नाही. पुढे मेंदूची छायाचित्रं घेतल्यावर दिसलं की पिष्ट तोंडात आलं की बक्षिसाशी संबंध असलेले मेंदूचे भाग जागे होतात. अन्न येतंय, एवढ्या निरोपावर मेंदूने खर्चाला परवानगी दिली होती.

दुसरा पुरावा मॅरेथॉनच्या निकालांतच पडलेला आहे. अमेरिकेतल्या काही अर्थतज्ज्ञांनी जवळजवळ एक कोटी मॅरेथॉन-वेळांचा आलेख काढला. तो गुळगुळीत यायला हवा होता, पण तीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या अलीकडे त्यात उंचवटे दिसले आणि पलीकडे एकदम घसरण. ३ तास ५९ मिनिटांत पोचणारे ४ तास १ मिनिटात पोचणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. ग्लायकोजेनला चार तासांचं काय सोयरसुतक? सोयरसुतक असतं ते डोक्याला.

उलटही होतं. एका प्रयोगात दीड तास संगणकावर किचकट, लक्ष खाणारं काम केल्यानंतर सायकलवर बसवलेली माणसं एरवीपेक्षा सुमारे पंधरा टक्के आधी थांबली. हृदयाचे ठोके, स्नायू, ऑक्सिजन यांत कारण सापडेना. कष्ट मात्र सुरुवातीपासूनच जास्त वाटत होते. तिमाहीचे हिशोब मिटवून संध्याकाळी धावायला गेलेल्याचे पाय जड होतात, त्यात पायांचा दोष नसतो. अशा दिवशी स्वतःला आळशी म्हणून घेण्यात काही अर्थ नाही.

अंतर ठाऊक नसेल तर?

इथे मला भाषणवाल्यांशी थोडं भांडायचं आहे. ‘आयुष्य ही मॅरेथॉन आहे’ म्हणतात. पण मॅरेथॉनचं अंतर छापील असतं, दर किलोमीटरला पाटी असते आणि पाण्याचं टेबल कुठे येणार तेही नकाशात असतं. म्हणून तर मेंदूला साठा वाटून देता येतो. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं, आणि हे सहा महिने चालणार की सहा वर्षं हे कोणालाच माहीत नसलं, तर काळजी घेणाऱ्याचा थकवा वेगळ्याच जातीचा असतो. त्याच्यापुढे कमान दिसत नाही, आणि जिद्दीचा उपदेश त्याला फार उपयोगी पडतो असं मला वाटत नाही.

याच्या जवळपास जाणारी एक शर्यत आहे, बॅकयार्ड अल्ट्रा. अमेरिकेत टेनेसीमध्ये सुरू झालेला हा प्रकार आता आपल्याकडेही होतो. दर तासाच्या ठोक्याला साधारण ६.७ किलोमीटरचा एक फेरा सुरू करायचा आणि तासाच्या आत संपवायचा. लवकर संपला, तर उरलेल्या मिनिटांत खा, बसा, मोजे बदला. पुढचा ठोका पडला की पुन्हा निघा. शेवटी एकच जण उरेपर्यंत हे चालतं, म्हणजे शर्यत किती लांब हे शर्यत संपेपर्यंत कळत नाही. दिवस-रात्र, पुन्हा दिवस. यात टिकणारी माणसं एकूण आकड्याचा विचारच करत नाहीत. त्यांच्यापुरती शर्यत या फेऱ्याची असते, आणि फेरा पळून जोरात संपवण्यापेक्षा खुर्चीत सात-आठ मिनिटं मिळतील अशा बेताने तो उरकणं त्यांना महत्त्वाचं वाटतं. मोठा शेवट दिसत नसेल तेव्हा छोटे शेवट स्वतः तयार करावे लागतात आणि त्यांच्यामध्ये बसायची वेळ आधीच राखून ठेवावी लागते. आजारपण काढणाऱ्या घराला सांगण्यासारखं काही असेल, तर ते मॅरेथॉनपेक्षा या शर्यतीत आहे.

पहिल्या पाच किलोमीटरची उधळपट्टी

ज्यांना बत्तिसाव्या किलोमीटरचा फटका बसतो, त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुखणं पहिल्या पाचात सुरू झालेलं असतं. पहाटेची हवा गार, पाय ताजे, ढोलताशा वाजतोय, आजूबाजूचे सगळे सुटलेत. ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे वीस सेकंद लवकर धावलं तरी काहीच जाणवत नाही. पण त्या वेगाला चरबी मागे पडते आणि ग्लायकोजेन उडायला लागतं. तिथे उडालेलं शेवटी कशानेही परत येत नाही.

केनियाचा धावपटू एल्यूड किपचोगे १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला. वेग राखून देणाऱ्यांच्या आलटून पालटून बदलणाऱ्या तुकड्या त्याच्या दिमतीला होत्या, म्हणून ती वेळ अधिकृत विक्रमात धरली नाही. त्या धावेत मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते तिचं एकसुरीपण. जवळपास प्रत्येक किलोमीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या दोनेक सेकंद इकडेतिकडे.

साध्या माणसांना हे कितपत जमतं? अमेरिकेतल्या चौदा मॅरेथॉनमधल्या सुमारे ९२ हजार धावपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पहिल्या अर्ध्यापेक्षा दुसऱ्या अर्ध्यात पुरुष सरासरी १५.६ टक्क्यांनी मंदावले होते आणि बायका ११.७ टक्क्यांनी. स्नायूंत चरबी वापरण्याच्या पद्धतीत थोडा फरक आहे, हे एक कारण सांगतात. दुसरं कारण सांगतात ते असं की पुरुष सुरुवातीला स्वतःबद्दल जरा जास्तच खात्री बाळगतात. वाचक बायकांना यात नवीन काही वाटणार नाही.

सराव या सगळ्यात दोन कामं करतो. एक शरीराचं: महिनोन्‌महिने सावकाश धावल्याने स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया वाढतात. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं. ती वाढली की त्याच वेगाला चरबी जास्त वापरता येते आणि ग्लायकोजेन वाचतं. वरच्या दर्जाचे धावपटूसुद्धा आपला पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त सराव आरामात गप्पा मारता येतील अशा वेगाने करतात, ते यासाठी. दुसरं काम डोक्याचं. तीस किलोमीटरनंतर काय वाटतं, हे एकदा अनुभवलं की पुढच्या वेळी मेंदू तेवढा दचकत नाही.

शेजारी कोणी असेल तर

ऑक्सफर्डमध्ये बारा नौकापटूंवर झालेला एक छोटा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने व्यायामशाळेतल्या वल्ह्यांच्या यंत्रावर एकदा एकट्याने आणि एकदा सहकाऱ्यांच्या तालात तेवढेच श्रम केले. नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून दुखणं किती सोसवतं ते मोजलं. तालात वल्हवल्यानंतर सोसण्याची मर्यादा एकट्याच्या तुलनेत सुमारे दुपटीने जास्त वाढली होती. शरीरातच तयार होणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्यं याच्या मागे असावीत, असा निष्कर्ष निघाला.

आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर सत्तरीतली माणसं दर आषाढी वारीला चालून जातात. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट, तोही पावसात. वारीत श्रद्धेचा भाग आहेच. पण दिंडीची मांडणी पाहिली तर या लेखात आलेलं बहुतेक सगळं तिथे आधीपासून आहे: ठरलेले मुक्काम, वाटेतले विसावे, कोणालाही झेपेल असा एकच वेग, आणि टाळ-मृदंगाच्या तालावर एकत्र पडणारी पावलं.

कोणत्या थकव्याचं ऐकायचं

मेंदू हातचा राखतो हे कळल्यावर त्याचं काहीच ऐकायचं नाही, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो जिवावर बेतू शकतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या दिशेने घसरलेलं निघालं. मुख्य कारण होतं गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. तहान नसताना प्रत्येक टेबलावर दोन दोन ग्लास रिचवले की रक्त पातळ होतं, पेशी फुगतात, मेंदूलाही सूज येऊ शकते. ‘आधीच प्या’ या सल्ल्यापेक्षा तहानेचं ऐकणं इथे जास्त शहाणपणाचं ठरलं.

दमट हवेतलं धावणं हा असाच प्रकार. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं. मुंबईत तो वाळतच नाही, नुसता निथळतो. उन्हाळ्यात आपोआप वेग मंदावतो तो मेंदूच्या शहाणपणामुळे, आणि त्याच्याशी वाद घालू नये. पाय जड होणं, कंटाळा, ‘कशाला आलो’ ही कुरकुर, यांच्याशी मात्र बोलणी करता येतात. बोलणं अडखळणं, सरळ रेषेत चालता न येणं, अंग तापलेलं असताना घाम थांबणं किंवा थंडी वाजणं ही बोलणी करण्याची वेळ नव्हे. तिथे थांबायचं आणि वैद्यकीय तंबू गाठायचा.

१९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमधली बायकांची पहिली मॅरेथॉन झाली. स्वित्झर्लंडकडून धावणारी ३९ वर्षांची गॅब्रिएला आंडर्सन-शीस मैदानात शिरली तेव्हा उन्हाने तिचं अंग एका बाजूला वाकलं होतं आणि डावा हात नुसता लोंबत होता. शेवटची ४०० मीटरची फेरी पुरी करायला तिला पावणेसहा मिनिटं लागली. ती पार करून ती सदतिसावी आली. हे चित्रण आजही जिद्दीचा नमुना म्हणून दाखवतात. त्यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. डॉक्टर तिच्या बरोबरीने चालत होते. तिला हात लावला असता तर ती बाद झाली असती, म्हणून ते नुसते निरखत होते. तिला अजून घाम येतोय, म्हणजे शरीराची थंड होण्याची यंत्रणा चालू आहे, असं पाहून त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं. घाम थांबलेला दिसला असता, तर त्यांनी तिला अडवलं असतं. दोनेक तासांत ती सावरली. पुढे नियम बदलला: डॉक्टरांनी तपासण्यापुरता हात लावला, तर आता धावपटू बाद होत नाही.